आबांचा भांडणाचा तास

पहिल्याच दिवशी मी पळत सुटले होते. हे मीच आधी सांगून टाकते, कारण मी नाही सांगितलं तर आमच्या सेंटरचा शिपाई तुम्हाला गाठून सांगेल आणि वर मीठमसाला लावेल. परदेशी मुलांना इंग्रजी शिकवायच्या जळगावातल्या एका छोट्या सेंटरवर मला नोकरी लागली होती. पहूरहून सकाळची एसटी धरून मी वेळेच्या आधीच पोहोचले, जिना चढले, तर कोपऱ्यातल्या वर्गातून आरडाओरडा. दाराशी जाऊन बघते तो एक उंच आफ्रिकन मुलगा आणि एक चणीनं लहानशी व्हिएतनामी मुलगी समोरासमोर खुर्च्या टाकून एकमेकांवर तुटून पडलेले. तू माझी चप्पल घातलीस, नाही घातली, मग तुझ्या पायाला माझ्या चपलेचा चिखल कसा लागला, असं सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मुलीच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या. मी म्हटलं, मायबाई, कुठल्या कुठून आपल्या गावात आलेली लेकरं, आणि इथं एकमेकांचा जीव घेतात की काय! धावत खाली गेले आणि शिपायाला म्हटलं, लवकर वर चला. तो बशीतून चहा पीत होता. त्यानं बशी निवांत संपवली, मिशी पुसली आणि म्हणाला, "मॅडम, आबांचा तास शे."

मी परत वर आले तेव्हा मला आबा दिसले. वर्गाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसलेले, पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, टोपी मांडीवर, गळ्यात शाळेतल्या पीटीच्या मास्तरांची असते तशी शिट्टी, आणि डोळे मिटलेले. कीर्तन ऐकावं तसे ते भांडण ऐकत होते. मुलानं घाईघाईनं 'सॉरी' म्हटलं, तशी आबांनी डोळे न उघडता शिट्टी फुंकली. मुलगा दचकला आणि पुन्हा भांडायला लागला.

आबा धुळ्याकडचे. उभा जन्म हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, बायको गेली, मूलबाळ नव्हतं, मग निवृत्तीनंतर जळगावात एक खोली घेऊन राहिले. आमच्या सेंटरवर येणारी मुलं इथे काही महिने इंग्रजी पक्कं करायची आणि मग कुणी शेतकी कॉलेजात, कुणी फार्मसीला जायची. आम्ही बाकीचे शिक्षक पुस्तकं घेऊन शिकवायचो. आबांच्या तासाला पुस्तक नसायचं. वेळापत्रकात त्या तासाचं नाव 'संभाषण कौशल्य' होतं, पण संचालकांसकट सगळे त्याला भांडणाचा तासच म्हणायचे.

त्यांचं म्हणणं असं, की प्रेम मुक्यानंही करता येतं. गाय काय इंग्रजी बोलून वासराला चाटते? पण भांडायचं म्हटलं की माणसाला भाषा लागतेच. काल तू काय म्हणालास, आज काय म्हणतोयस, उद्या काय म्हणशील, सगळे काळ लागतात. शिवाय भांडताना माणूस चुकायला घाबरत नाही, कारण त्याचं लक्ष जिंकण्याकडे असतं. "आभार मानायला आलेला माणूस चार शब्दांत आटोपतो," ते मला म्हणाले, "भांडायला आलेला दुपारपर्यंत बोलतो. आता सांग, मास्तरला कोण परवडतो?"

नियम मात्र कडक होते. आईबाप, देव, देश आणि कातडी, यांच्यावर जायचं नाही. बाकी चपलेपासून चंद्रापर्यंत कशावरही भांडा. सुरुवातीला सॉरी म्हणायचं नाही, ते पळपुटेपण. रडू आलं तर रडायचं, पण रडता रडता वाक्य पुरं करायचं. आणि तास संपला की जे दोघं भांडले त्यांनी मिळूनच जिना उतरायचा आणि मिळूनच टपरीवर चहा प्यायचा. भांडून एकट्यानं घरी जायचं नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष. कुणी तसं निघालंच तर जिन्यापर्यंत मागे जाऊन शिट्टी वाजवायचे.

एकदा आवाज इतका चढला की समोरच्या दवाखान्यातल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला. हवालदार वर आले. आबांनी त्यांना खुर्ची दिली, विषय समजावून सांगितला, आणि कोण जिंकतंय ते तुम्हीच ठरवा म्हणाले. हवालदारसाहेबांना इंग्रजी यथातथाच, पण अनुभव दांडगा. थोडा वेळ ऐकून त्यांनी निकाल दिला की पोरगी खरं बोलतेय, कारण पोरगा सारखा खिडकीकडे बघतो. त्यानंतर बरेच दिवस ते ड्युटीवरून जाताना खालून विचारायचे, आबा, आज काय विषय?

आता त्यांच्या बाकीच्या तऱ्हा सांगायच्या तर दिवस पुरायचा नाही. जळगावचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. त्या उन्हात ते काळी छत्री उघडून चालायचे, इथवर ठीक. पण पाऊस आला की छत्री मिटायचे आणि भिजत यायचे. का, तर ऊन आपल्या घरचं आहे, त्याला दटावता येतं, पाऊस पाहुणा आहे, पाहुण्याला अडवायचं नसतं. दुपारी डबा खाऊन झाला की वर्गातल्या टेबलावर टोपी डोळ्यांवर ओढून झोपायचे, आणि त्याच टेबलाभोवती मुलं दबक्या आवाजात गृहपाठ करायची. नावं तर त्यांनी सगळ्यांची बदलली. व्हिएतनामच्या लानला ते ल्हानी म्हणायचे. बुरुंडीच्या देझिरेचा त्यांनी देसाई केला आणि तो देसाई म्हणूनच सगळ्या गावाला माहीत झाला. चपलेवरून भांडत होते ते हेच दोघं. मला ते कधी मॅडम म्हणाले नाहीत. "काय वं पहूरवाली," अशी हाक यायची.

मला वाटलं होतं मी शिक्षिका, मला कोण भांडायला लावतंय! पण आबांनी एके दिवशी मलाच त्या खुर्चीवर बसवलं आणि समोर लान. विषय दिला वांगं. मी म्हटलं, आबा, वांग्यावर मी काय भांडू, आणि तेही जळगावात, जिथं वांग्याचा निकाल कधीच लागलेला आहे. लान शांतपणे म्हणाली की वांगी भाजावीत ती आमच्याकडेच, तुम्ही भाजून त्यांचा चिखल करता. झालं. चिखल? भरताला चिखल? मला काय बोलू आणि काय नको असं झालं. मी एमए केलेली बाई, इंग्रजीत ठेच्याला, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यांना, लाकडी बडगीत कुटण्याला शब्द शोधत राहिले आणि ती पोरगी खुशाल कांद्याच्या पातीचं तेल वरून कसं सोडायचं ते सांगत राहिली. तास संपला तरी आमचं संपेना. टपरीवर भांडलो, रस्त्यानं भांडलो, आणि शेवटी रविवारी तिला घेऊन पहूरला गेले, आमच्या मळ्यात पऱ्हाटी पेटवली आणि अर्धी वांगी तिची, अर्धी माझी. माझ्या आईनं दोन्ही चाखली आणि लानचं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी आईशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण लान माझी मैत्रीण झाली ती तिथंच. नुसतं 'हाऊ आर यू, आय ॲम फाइन' करत बसलो असतो तर जन्मात झाली नसती.

देसाई आणि आबांची गोष्ट जरा वेगळी होती. देसाई शेतकी शिकायला आलेला. त्याच्या गावी केळीच केळी, म्हणून जळगावात त्याला परकं असं कधी वाटलंच नाही. त्यानं पहिल्याच आठवड्यात आबांना सांगितलं की त्यांच्याकडे केळ्यांची दारू करतात आणि लग्नकार्यात, मयतीला, भांडण मिटवताना सगळे एका मडक्यातून नळ्या घालून पितात. आबांनी चारही बाजूंना बघितलं आणि म्हणाले, हे इथं बोललास ते बोललास, चोपड्याकडे जाशील तेव्हा तोंडातून काढू नकोस, केळीच्या उभ्या बागा जातील. दोघं रोज संध्याकाळी मेहरुणच्या तलावावर फिरायला जायचे. देसाई भांडायला फार कच्चा होता, मऊ स्वभावाचा, आणि आबांना त्याची काळजी वाटायची. कॉलेजात तुला कुणी वसतिगृहात खोली दिली नाही तर काय करशील, असं विचारून ते त्याला रस्त्यातच भांडायला लावायचे. हळूहळू देसाई तयार झाला, आणि कॉलेजात गेला तरी संध्याकाळचं फिरणं त्यानं सोडलं नाही. आबांशीच हुज्जत घालायला लागला, आणि आबा खूश.

श्रावण लागला की मात्र आबांचं काहीतरी बिनसायचं. नागपंचमीच्या आसपास भांडणाचा तास बंद. मुलांना उतारे द्यायचे, खाली प्रश्न, उत्तरं लिहा. शिट्टी खिशात. डबा अर्धा तसाच. पहिल्या वर्षी मला वाटलं तब्येत बरी नसेल. दुसऱ्या वर्षी मी शिपायाला विचारलं, तो म्हणाला दरवर्षीचंच आहे, कानबाईचा सण झाला की येतात ताळ्यावर. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. आबांना सरळ विचारायची आमची कुणाची छाती नव्हती.

देसाईनं विचारलं. आणि आबांनी सांगितलं! आम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर डबा खाल्ला, आम्हाला कधी अवाक्षर नाही, आणि बुरुंडीच्या पोराला तलावाच्या काठावर बसून सगळं इंग्रजीत सांगितलं. मला सुरुवातीला याचा रागच आला. मग वाटलं, बरोबर आहे. मराठीत सांगितलं असतं तर आम्ही लगेच 'अहो जाऊ द्या आबा' म्हटलं असतं. अहिराणीत तर त्यांना सांगताच आलं नसतं. परक्या भाषेत आपलं दुखणं दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं सांगता येत असेल.

गोष्ट अशी होती. आबांच्या घरी कानबाई बसते. आमच्या घरी नाही, त्यामुळे मलाही यातलं बरंचसं तेव्हाच कळलं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात, आणि तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी आधी गहू मोजतात. कुळातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात घालायचे. थोरल्यापासून सुरुवात करून पाळण्यातल्या पोरापर्यंत. बायकांच्या नावाची मूठ नाही, बायकांनी फक्त दळायचं, लाटायचं आणि भाजायचं, पण ते भांडण वेगळं, ते मी राखून ठेवलंय. त्या गव्हाचे रोट फक्त कुळातल्यांनीच खायचे. कितीही जवळचा पाहुणा असो, बाहेरच्याला तुकडा देता येत नाही. कुणी कामाला लांब गेलेलं असलं तरी त्याची मूठ घालतात. जो गेला, म्हणजे खरोखरचा गेला, त्याचीच मूठ थांबते.

आबांच्या पुतणीचं लग्न झालं तेव्हा पत्रिकेत आबांचं नाव एका चुलतभावाच्या खाली छापलं गेलं. बस, एवढंच. सख्खा काका, आणि नाव चुलतभावाच्या खाली. छापखान्याची चूक की कुणाची, कोण जाणे. आबा लग्नाला गेले, अक्षता टाकल्या, न जेवता मांडवातून निघाले आणि एकटेच एसटीत बसले. त्यांना वाटलं, भाऊ स्टँडवर येईल, हाताला धरून परत नेईल. भावाला वाटलं, पोरीच्या लग्नात रुसून गेला, आता त्यानंच यावं. आपल्याकडे लग्नात कुणी ना कुणी रुसतंच, पण रुसलेल्याला समजावायला कुणीतरी जावं लागतं. कुणी गेलं नाही. वर्षं गेली. दोघं एकमेकांशी एक वाकडा शब्द म्हणून बोलले नाहीत, आणि सरळही नाही.

"मला त्या पत्रिकेचं आता काही नाही," आबा देसाईला म्हणाले होते. "मला एवढंच कळायला हवं आहे, की माझ्या नावाची मूठ घालतात की थांबवली. आणि ते मी विचारू शकत नाही."

देसाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगून म्हणाला, चला, आपण विचारून येऊ. मी कानांवर हात ठेवले. बाबा रे, म्हटलं, भाऊबंदकीत बाहेरच्यानं पडू नये, दोन्हीकडून मार खातो. आणि घालत नसतील तर? येऊन काय सांगशील त्यांना? देसाई म्हणाला, नसतील घालत तर मी त्यांच्याशी भांडेन. मी म्हटलं, कुठल्या भाषेत? यावर तो माझ्याशीच भांडायला लागला. माणूस मडक्यापासून लांब गेला तर त्याला आणायला जातात, तुमच्याकडे एवढे शहाणे लोक, इतक्या वर्षांत कुणीच कसं गेलं नाही? आणि तुम्ही आबांच्या मैत्रीण ना, तुम्हाला लाज वाटत नाही? इंग्रजी अगदी चोख होतं. मी चिडले, खूप बोलले, आणि शेवटी तयार झाले, कारण पोरगं खरं बोलत होतं आणि खिडकीकडे बघतही नव्हतं.

गावाचं नाव आबांच्या बोलण्यात नेहमी यायचं, ते शोधायला लागलं नाही. रोटाचं दळण रविवारच्या आधी गिरणीत जातं हे शिपायाच्या बायकोनं सांगितलं. आम्ही दोघं रजा टाकून जळगावहून धुळ्याची गाडी धरली, धुळ्याहून साक्रीच्या रस्त्याची. आबांना म्हटलं, देसाईला शेतं दाखवायला नेतेय. खोटं नव्हतं, खिडकीतून शेतंच दिसत होती. देसाई सगळ्या वाटेभर ओठ हलवत मराठी वाक्यं घोकत होता आणि मी मनात म्हणत होते, हे देवा, आज आमची लाज राख.

घर चांगलं मोठं, सिमेंटचं, पुढे ओटा. आबांचे थोरले भाऊ ओट्यावरच बसले होते. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. बघते तर ते हुबेहूब आबाच होते, फक्त जास्त वाकलेले. मी सांगितलं, मी जळगावची, आबांबरोबर शिकवते, हा आमचा विद्यार्थी. आतून त्यांची बायको, अक्का, पाण्याचा तांब्या घेऊन आली ती तिथंच थबकली. नानांनी देसाईला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बरा शे का तो?"

मी म्हटलं, बरे आहेत. त्याला ऊन सोसत नाही, नाना म्हणाले, लहानपणापासूनच, आणि जळगावात जाऊन राहिला. छत्री वापरतात, मी सांगितलं. त्यावर ते जरा हसल्यासारखे झाले आणि लगेच तोंड फिरवून बसले. चहा आला. आत ओसरीवर बायकांनी गहू निवडून ठेवलेले दिसत होते, सूप मांडलेलं होतं, घरातली पोरं अंघोळी करून आली होती. नाना म्हणाले, आता आमचं रोटाचं काम आहे, पाहुण्यांना रोट देता येत नाही, पण बसा, जेवून जा.

मला वाटलं आता हळूच, आडून आडून विचारावं. आपली रीतच ती. आधी पाऊसपाणी, मग पिकं, मग पोरंबाळं, मग मुद्दा. पण देसाई आबांच्या हाताखाली शिकलेला. त्यानं चहाचा कप खाली ठेवला, नानांच्या समोर जाऊन मांडी घालून बसला आणि घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं.

"नाना, तुम्ही आबांची मूठ घालता का नाही?"

नानांचा चेहरा लाल झाला. मी उठलेच, म्हटलं, नाना, पोरगं परकं आहे, त्याला आपली रीत माहीत नाही, मनावर घेऊ नका. नानांनी मला हातानंच थांबवलं. देसाईकडे बघून म्हणाले, हे विचारणारा तू कोण? देसाईला त्याचंही मराठी पाठ होतं. म्हणाला, मी त्यांचा विद्यार्थी, ते जेवत नाहीत. नुसतं 'ते जेवत नाहीत' एवढंच त्यानं पुन्हा एकदा म्हटलं, कारण पुढचं मराठी त्याला येत नव्हतं आणि डोळे भरले होते. आबांच्या नियमाप्रमाणे रडता रडता वाक्य मात्र पुरं केलं.

नाना उठले, आत गेले, पाय धुतले, टोपी नीट केली आणि सुपासमोर पाटावर बसले. आम्हाला जा म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत. आम्ही दाराच्या चौकटीशी उभे राहिलो. मी देवाचं नाव घेत होते, म्हणून देसाईनं कधी फोन काढला आणि कधी लावला ते मला कळलंच नाही. बघते तर त्याच्या हातात फोन, आणि फोनमध्ये आबा. आपल्या खोलीवर दुपारची झोप मोडलेले, केस विस्कटलेले, डोळे चोळत विचारताहेत, कुठं उलथलास रे देसाई? देसाईनं तोंडावर बोट ठेवलं आणि फोन सुपाकडे फिरवला. मी त्याला चिमटा काढला. उपयोग नव्हता. फोनमधला आवाज एकदम बंद झाला. आबांनी घर ओळखलं होतं.

नानांनी कानबाईचं नाव घेऊन हात जोडले आणि मुठीत गहू घेतले. पहिली मूठ घरातल्या थोरल्याची. "मनी," म्हणजे माझी, असं म्हणून त्यांनी सुपात मूठ सोडली आणि वर बोटांच्या चिमटीत मावतील तेवढी पाव मूठ. सव्वा. मग हात पुन्हा टोपलीत गेला आणि तिथंच राहिला. अक्कांनी पदर तोंडाला लावला. नानांच्या मागे त्यांचा मुलगा उभा होता, आबांची मूठ थांबवलेली असली तर आता त्याचाच नंबर. फोनकडे बघायची हिंमत होईना.

"धाकल्यानी," नाना म्हणाले.

काहीही न झाल्यासारखं म्हणाले. दरवर्षी म्हणत असणार तसंच. आणि मूठ सोडली. पण आज अर्धे गहू सुपाबाहेर सांडले, आणि वरची पाव मूठ घालायचीच राहिली. ते तसेच, मोकळा हात सुपावर धरून बसून राहिले.

तेवढ्यात देसाईच्या हातातून आवाज आला, चिरका, रागावलेला, आणि भरून आलेला. "भाऊ! हाई मूठ झायी, वरनी पाव कथी गई?"

नाना दचकले. वर बघितलं, दाराकडे बघितलं, मग फोन दिसला आणि फोनमधला भाऊ दिसला. इतक्या वर्षांनी सख्ख्या भावाचा पहिला शब्द, आणि तो काय, तर मापात मारलंस! मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, दोन्ही एकदम. आणि नाना ओरडलेच.

"मंग ये नं आठे! तूच भर!"

फोनमध्ये नुसतं खोलीचं छत दिसायला लागलं आणि फिरता पंखा. मला वाटलं, गेलं, आबा पुन्हा रुसले. देसाईनं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि मला इंग्रजीत म्हणाला की कपाटाचं दार वाजतंय, आणि आबा स्वतःशीच बडबडताहेत की धुळ्याची गाडी आता कितीची.

अक्का म्हणाल्या, अहो, संध्याकाळी गिरणी बंद होते, पुढच्या मुठी घालून घ्या, तो आला की त्याची पुरी करू. नानांनी सुपावर पंचा टाकला आणि तिथंच भिंतीला टेकून बसले. पोरं चुळबुळ करायला लागली, बायकांनी चुलीवरचं उतरवलं, गिरणीवाल्याचा निरोप येऊन गेला. आम्ही जेवलो. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. नानांनी पुढचं नाव घेतलं नाही.